ऑपरेशनची भीती, दुखणं आणि बरं होणं: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बेडपाशी येऊन "तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, दात हलतात का, कवळी आहे का" असं विचारणारी ती बाई. प्रश्न बहुतेक तेच तेच येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. एका उत्तरात आलेली गोष्ट परत लिहिली नाहीये, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय. आणि तुमच्या केसबद्दल तुमचे डॉक्टर जे सांगतील ते शेवटचं, इथलं नाही.

१. ऑपरेशनची भीती सगळ्यांनाच वाटते का, की मीच जरा जास्त घाबरट आहे?

जवळपास सगळ्यांना वाटते, काही जण दाखवत नाहीत एवढंच. पुरुष मंडळी बरेचदा "मला काय धाड भरलीय" म्हणतात आणि सलाईन लावायला हात धरला की हात गारठलेला, तळवा ओला आणि शीर कुठे गायब. घाबरल्यावर हातापायाच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग शीर सापडत नाही, दोनतीनदा टोचावं लागतं, आणि ते बघून पेशंट अजून घाबरतो. अशा वेळी हात दोन मिनिटं गरम कपड्यात गुंडाळून ठेवला तरी बराच फरक पडतो, बिनधास्त मागा.

भीती प्रत्येकाची वेगळी असते. कुणाला भुलेतून उठणारच नाही असं वाटतं, कुणाला नंतरच्या दुखण्याचं, आणि बऱ्याच बायकांना "मला लघवीला पण दुसऱ्याने न्यायचं का" याचं जास्त. आपली नेमकी कुठली आहे हे सांगता आलं तर उत्तर देणं सोपं जातं.

२. भीतीमुळे खरंच जास्त दुखतं का, की हे सगळे मनाचे खेळ?

खरंच जास्त दुखतं, आणि ते दुखणं खोटं नसतं. हे दोन्ही एकदम खरं आहे हे नातेवाईकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

जखमेतून निघालेला संदेश मणक्यातून मेंदूकडे जातो, पण मेंदूही वरून खाली मणक्याकडे संदेश पाठवत असतो आणि येणारं दुखणं किती आत घ्यायचं ते ठरवत असतो. माणूस धास्तावून "आता दुखणार, आता दुखणार" करत असला की हा अडसर ढिला पडतो. इटलीतल्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांच्या प्रयोगांमध्ये तर असं दिसलं की दुखण्याच्या धास्तीने कोलेसिस्टोकायनिन नावाचं द्रव्य काम करायला लागतं आणि त्याने दुखणं वाढतं, ते द्रव्य औषधाने अडवलं की वाढलेलं दुखणं खाली येतं. म्हणजे धास्तीचं शरीरात रसायन आहे. शिवाय घाबरलेला माणूस पोट आवळून पडतो, आवळलेले स्नायू टाक्यांवर ताण देतात, ते वेगळंच.

याची उलटी बाजू हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात पाहिली. मोठमोठ्या जखमा घेऊन आलेल्या सैनिकांना विचारलं की दुखण्यावर औषध हवंय का, तर साधारण चारातले तिघे नको म्हणाले. त्यांच्या लेखी जखम म्हणजे लढाईतून जिवंत सुटका होती. जखम किती मोठी यावरून दुखणं किती हे ठरत नाही, तिचा अर्थ माणूस काय लावतो त्यावरही ठरतं.

३. टेन्शनमुळे जखम भरायलाही वेळ लागतो म्हणतात, खरंय का?

काही प्रमाणात, हो. १९९५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, डिमेन्शिया (स्मरणशक्ती जाण्याचा आजार) झालेल्या नातेवाईकाची सेवा करणाऱ्या बायका आणि त्याच वयाच्या इतर बायका, दोघींच्या हातावर मुद्दाम साडेतीन मिलिमीटरची जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम सरासरी ९ दिवस उशिरा भरली. नंतर १९९८ मध्ये डेंटलच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर अशीच जखम एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर केली, तर परीक्षेच्या वेळची ४० टक्के जास्त दिवस घेत होती. ताणात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि जखम साफ करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, असा त्याचा खुलासा आहे.

पण हे प्रयोग अगदी थोड्या लोकांवरचे आणि चिमुकल्या जखमांवरचे आहेत. तुमच्या गुडघ्याचे टाके पिकले तर "टेन्शन घेतलंस ना" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. खऱ्या आयुष्यात शुगर आणि तंबाखू यांचा वाटा फार मोठा आहे, आणि इथे गोची अशी होते की घाबरलेला माणूस ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात मिश्री, तंबाखू, सिगारेट नेमकी जास्त ओढतो, लावतो. निकोटिनने जखमेकडे जाणारं रक्त कमी होतं. चार आठवडे आधी बंद करता आलं तर उत्तम, आणि मिश्री "त्यात धरत नाहीत" असं काही नाही, तीपण तंबाखूच.

४. "घाबरू नका" सगळेच म्हणतात. पण नेमकं काय केलं की भीती कमी होते?

"घाबरू नका"ने कमी होत नाही, एवढं मी लिहून देते. कमी होते ती नेमक्या माहितीने: काय होणार, कसं वाटणार, किती वेळ, आणि त्या वेळी मी काय करायचं.

१९६४ मध्ये बोस्टनच्या लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनचे ९७ पेशंट घेतले. अर्ध्यांना नेहमीसारखं भेटले. उरलेल्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगितलं की ऑपरेशननंतर कुठे दुखेल, साधारण किती दिवस, ते टाक्याच्या आजूबाजूचे स्नायू आवळल्यामुळे कसं वाढतं, अंग सैल कसं सोडायचं, कुशीवर वळताना पोट न वापरता हातपाय कसे वापरायचे, आणि सहन होत नसेल तर औषध मागायचं. सर्जनना कुणाला काय सांगितलंय हे माहीत नव्हतं. माहिती दिलेल्या लोकांना अफूवर्गातली पेनकिलर जवळपास निम्मी लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. त्याच्या आदल्याच वर्षी याच लोकांनी दाखवलं होतं की भूलतज्ज्ञाची एक नीट भेट माणसाला झोपेच्या औषधापेक्षा जास्त शांत करते, औषधाने नुसती गुंगी येते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर नंतरच्या सगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज एवढी चमकदार नाही. कॉक्रेन नावाची संस्था असे अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०१६ च्या आढाव्यात १०५ अभ्यास एकत्र बघितले, त्यात दुखणं थोडं कमी आणि हॉस्पिटलमधला मुक्काम सरासरी अर्धा दिवस कमी असं निघालं, आणि बरेच अभ्यास कच्चे होते. तरी अर्ध्या दिवसाचं बिल वाचतंय आणि खर्च शून्य, मी तरी करते.

घरी आत्ताच करून बघण्यासारखं: पलंगावर उताणं झोपा, दोन्ही गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि खालच्या कोपराने रेटून उठा. पोटाला झटका बसत नाही. खोकला आला तर छोटी उशी टाक्यांवर घट्ट दाबून मग खोकायचं. तीन चेंडूवालं फुंकायचं यंत्र देतात ना (खरं तर ते फुंकायचं नसतंच, श्वास आत ओढायचा असतो, निम्मे लोक उलटं करतात), तेही आधीच आणून शिकून घ्या. ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन काही डोक्यात शिरत नाही.

५. भूलतज्ज्ञाला काय विचारू? ते दोन मिनिटांत निघून जातात.

कागदावर लिहून ठेवा आणि आल्या आल्या कागद पुढे करा, हा उपाय आमच्यावर चालतो. पूर्ण भूल की कमरेतलं इंजेक्शन. शुद्धीवर आल्यावर नळ्या कुठे कुठे असतील. पेनकिलर ठरलेल्या वेळी देणार का दुखल्यावर मागायची. पहिल्यांदा उठवणार कधी. आणि रात्री दुखलं तर कुणाला बोलवायचं, हा सगळ्यात कामाचा.

सांगायच्या गोष्टीही आहेत: चालू गोळ्या, आयुर्वेदिक काढे धरून, आधी भुलेचा काही त्रास झाला असेल तर तो, आणि दारू. दारूचं १०व्या प्रश्नात बघा.

६. "पेशंटला काही सांगू नका, घाबरेल" असं घरचे म्हणतात. बरोबर आहे का?

हेतू चांगला असतो, परिणाम उलटा. आजींना सांगितलेलं असतं "छोटीशी गाठ आहे, टोचून काढतील", आणि त्या जाग्या होतात तेव्हा नाकात नळी, पोटाला ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी), लघवीची पिशवी. मग त्यांना वाटतं काहीतरी बिघडलंय आणि सगळे लपवताहेत. त्यानंतर त्या कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, दुखतंय म्हणूनही सांगत नाहीत.

मात्र उलटा अपवादही आहे. काही लोकांना तपशील खरोखर नको असतो, जितकं सांगाल तितके ते कासावीस होतात. नेदरलँड्समध्ये १९९६ ला तयार झालेली सहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, त्यातले चार प्रश्न भीतीवर आणि दोन खास "माहिती हवीय का" यावर आहेत, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा पेशंटलाच विचारा "किती सांगू?" नको म्हणाले तर जाग आल्यावर काय दिसेल तेवढं सांगून थांबा.

७. संमतीपत्रावरचे धोके वाचल्यापासून जास्तच घाबरलोय. हे सांगतातच कशाला?

सांगावंच लागतं. सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या निकालानुसार उपचार, त्याचे महत्त्वाचे धोके आणि दुसरे पर्याय हे पेशंटला समजेल असं सांगून मगच सही घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी प्रॉब्लेम हा असतो की कागद ऐन ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेताना ट्रॉलीवर पुढे करतात. आदल्या दिवशी मागून घ्या.

"मग ४ मध्ये तर माहितीने भीती कमी होते म्हणालात" असं पुढे विचारलं जातं. फरक आहे. "आता टोचेल हं, दुखेल हं" असा नुसता इशारा दिला की दुखणं आणि धास्ती वाढलेली अभ्यासातही दिसलीय, कारण त्यात माणसाला करण्यासारखं काहीच नसतं. म्हणून प्रत्येक धोक्यामागे दोन प्रश्न विचारा: किती जणांना होतं, आणि झालंच तर तुम्ही काय करता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बहुतेकांचा चेहरा सैल पडतो.

८. यूट्यूबवर ऑपरेशनचा व्हिडिओ बघू का?

कापाकापीचा नको, तो डॉक्टरांसाठी असतो. ऑपरेशननंतर उठायचं कसं, चालायचं कसं, फिजिओ काय करून घेतात ते जरूर बघा. आणि शेजारच्या काकांच्या साडूचं काय झालं ते तर अजिबात ऐकू नका, त्याचा शेवट कधीच चांगला नसतो.

९. ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग आली तर? आणि कमरेतल्या इंजेक्शनने जन्मभर पाठ दुखते ना?

पूर्ण भुलेत जाग आल्याचं पेशंटने स्वतः सांगितलं, असं ब्रिटनमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत साधारण १९,००० भुलींमागे एकदा दिसलं. पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझरमध्ये ते प्रमाण बरंच जास्त, ६७० मागे एक, पण आपल्याकडेही बहुतेक सिझर कमरेतल्या इंजेक्शनवर होतात.

कमरेतल्या इंजेक्शनमध्ये जागं असणं ही गडबड नाही, ते तसंच असतं. सिझरमध्ये ओढल्यासारखं, पोट घुसळल्यासारखं जाणवतं, टोकदार दुखत नाही. हे आधी माहीत नसेल तर बाई ओरडते "भूल लागलीच नाही". आधी सांगितलं असेल तर तीच म्हणते "हां, हेच ना ते". पण टोकदार दुखलं तर गप्प राहू नका, लगेच सांगा, औषध वाढवता येतं.

पाठीचं म्हणाल तर सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते. वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचा त्या सुईशी संबंध दिसत नाही. बाळंतपणानंतर पाठ दुखायला कारणं पुष्कळ असतात, नाव मात्र सुईचं होतं.

१०. भीतीची गोळी मागितली तर चालेल का?

मागा, पण सरसकट सगळ्यांना ती द्यायची पद्धत आता मागे पडतेय. फ्रान्समध्ये हजारावर पेशंटवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात ऑपरेशनआधी लोराझेपॅम ही भीतीची गोळी दिलेल्या लोकांचं समाधान काही वाढलं नाही, उलट श्वासाची नळी काढायला जास्त वेळ लागला आणि डोकं पूर्ववत व्हायला उशीर. वयस्कर लोकांमध्ये तर अशा गोळीने नंतर भ्रमासारखं व्हायची भीती असते. खूपच घाबरलेल्या तरुण माणसाला मात्र ओटीबाहेर शिरेतून थोडं औषध देतो आम्ही, आणि ते छान काम करतं.

ज्यांची डिप्रेशनची किंवा झोपेची गोळी आधीपासून रोज चालू आहे त्यांनी आपल्या मनाने बंद करू नका, अचानक बंद केली की त्याचाच त्रास होतो. रोज दारू घेणाऱ्यांचंही तसंच. घरच्यांसमोर "कधीतरी" म्हणतात, आणि ऑपरेशनच्या दोनतीन दिवसांनी हात थरथर, घाम, भलतंसलतं दिसणं सुरू होतं, सगळ्यांना वाटतं भुलेचा परिणाम. मला एकटीला सांगा, मी बायकोला सांगत नाही.

११. भीतीने बीपी आणि शुगर वाढली तर ऑपरेशन कॅन्सल करतील का?

एका रीडिंगवर सहसा नाही. हॉस्पिटलमध्ये आल्यावर बीपी वाढणारे खूप असतात. म्हणून घरचे किंवा फॅमिली डॉक्टरकडचे आधीचे आकडे लिहून आणा, त्याने खरं चित्र कळतं. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे बाहेरचं बीपी १६०/१०० च्या खाली असेल, किंवा ते आकडे नसतील आणि हॉस्पिटलमधलं १८०/११० च्या खाली असेल, तर ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकलायची गरज नसते. त्या दिवशी सकाळी बीपीची कुठली गोळी घोटभर पाण्याने घ्यायची आणि कुठली नाही हे विचारून घ्या, उपाशी आहे म्हणून सगळ्याच गोळ्या सोडून येणारे भरपूर.

उपाशीपणाचंही इथेच सांगते, कारण कोरड्या घशाने धडधड अजून वाढते. सर्वसाधारण नियम हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत असा आहे. "रात्री १२ नंतर थेंबही नाही" आणि ऑपरेशन दुपारी ३ ला, असं असेल तर भूलतज्ज्ञाला विचारा पाणी चालेल का. न विचारता पिऊ नका.

१२. प्राणायाम, गाणी, नामस्मरण यांचा उपयोग होतो का?

होतो. ऑपरेशनच्या आधी, चालू असताना किंवा नंतर गाणी ऐकवण्यावर ७३ अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं, दुखणं, धास्ती आणि पेनकिलर तिन्ही कमी झाले. कुठलं संगीत याला फार महत्त्व नव्हतं. आमच्या एका पेशंटने गुडघ्याच्या पूर्ण ऑपरेशनभर हरिपाठ म्हटला, सर्जनचं टाके घालून होईपर्यंत आम्हालाही पाठ झाला. श्वासाचं म्हणाल तर जोरजोरात घेऊ नका, त्याने हातापायाला मुंग्या येऊन अजून घाबरायला होतं. श्वास सोडणं लांबवा, बस.

१३. मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. त्याला काय सांगू?

खोटं सांगू नका. "फक्त आइस्क्रीम खायला जायचंय" म्हणून आणलेलं पोर ओटीच्या दारात ज्या नजरेने आईकडे बघतं ते बघवत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनवर २००६ मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला होता, आधी जास्त घाबरलेल्या मुलांना घरी गेल्यावरही जास्त दुखलं, पेनकिलर जास्त लागली, झोपेचा त्रासही जास्त. चारपाच वर्षांच्या मुलाला एखाद दिवस आधी, मोठ्याला आठवडाभर आधी, साध्या शब्दांत: मास्क लावतील, झोप येईल, उठशील तेव्हा मी तिथेच असेन, घसा दुखेल, मग औषध देऊ. आवडतं खेळणं घेऊन या.

आईबाबांना आत घेतलं तर बरं का? आईबाबा शांत असतील तर. आईच रडत असेल तर बाहेरच बसलेली बरी, आणि खूप घाबरणाऱ्या मुलाला आधी गुंगीचं औषध देणं हे पालक आत असण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

१४. मी अजिबात घाबरले नव्हते, तरी मला खूप दुखलं. मग?

मग तुम्हाला दुखलं, भीती हे अनेक कारणांपैकी एक आहे. ऑपरेशन कुठलं, आधीपासून किती दुखत होतं, वय, पेनकिलर वेळेवर मिळाली का, हे सगळं असतंच.

यातला एक गमतीशीर प्रकार मोतीबिंदूचा. पहिल्या डोळ्याला काही कळलंच नाही म्हणून लोक दुसऱ्या डोळ्याला निवांत येतात, आणि मग तक्रार करतात की या वेळी नीट केलं नाही, जास्त दुखलं. जगभर हे दिसलंय, दुसऱ्या वेळी धास्ती कमी आणि दुखणं जास्त जाणवतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इरविंग जॅनिस १९५८ मध्ये म्हणालाच होता की आधी थोडी काळजी केलेली बरी, मनाची तयारी होते, अजिबात न घाबरणारे नंतर चिडतात. पुढच्या अभ्यासांत हे त्याच्या म्हणण्याइतकं जुळलं नाही, जास्त भीती म्हणजे जास्त त्रास अशीच सरळ रेघ बहुतेक वेळा निघाली. पण दुसऱ्या डोळ्याच्या पेशंटला मी आता आधीच सांगून ठेवते.

१५. एका गुडघ्याच्या वेळी फार दुखलं होतं, दुसरा करायची हिंमतच होत नाही.

ही भीती अनुभवातून आलेली आहे, ती समजावून जात नाही. मागच्या वेळी नेमकं काय झालं ते काढा: पहिल्या रात्री पेनकिलर उशिरा मिळाली का, मांडीतला ब्लॉक (नसेजवळ देऊन पाय सुन्न करणारं इंजेक्शन) दिला होता का, फिजिओच्या अर्धा तास आधी गोळी मिळत होती का. जुना डिस्चार्ज पेपर आणा, या वेळचा प्लॅन त्यावरून बदलता येतो.

"हे दुखणं कधी थांबणारच नाही, मला काही जमणार नाही" असं चक्र डोक्यात सतत फिरत असेल तर तेही सांगा. गुडघा बदलल्यावर महिनोन्‌महिने दुखत राहण्याशी या प्रकारच्या विचारांचा संबंध सारखा दिसतो, आणि साधारण पाचातला एक जण ऑपरेशननंतर समाधानी नसतो. अशांनी तारीख घ्यायच्या आधी समुपदेशकाकडे चार बैठका केल्या तर त्यात कमीपणा काही नाही.

१६. दुखतंय म्हटलं की सगळे म्हणतात "टेन्शन घेऊ नका". कधी ऐकायचं आणि कधी नाही?

दुखणं रोज थोडं थोडं कमी होत असेल तर ठीक. कमी होत आलेलं अचानक वाढलं, टाक्यातून पू किंवा ताप, एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, छातीत दुखतंय, दम लागतोय, पोट फुगून उलट्या, यातलं काहीही असेल तर "टेन्शन" हे उत्तर घेऊ नका, डॉक्टर येऊन हात लावून बघेपर्यंत पिच्छा सोडू नका. घाबरट म्हणून शिक्का बसलेल्या पेशंटचीच अशी गोष्ट उशिरा सापडते.

१७. इमर्जन्सी सिझर झालं, तयारीला वेळच मिळाला नाही. आता झोपेत तेच तेच दिसतं.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांची वेळ घ्या आणि त्या तासाभरात काय काय, कशासाठी केलं ते क्रमाने विचारून घ्या, बऱ्याच बायकांच्या डोक्यात मधले तुकडे गायब असतात आणि भीती तिथेच अडकलेली असते. हे आयुष्यभर केव्हाही करता येतं, सहा महिन्यांनी गेलात तरी. स्वप्नं, दचकणं, हॉस्पिटलच्या रस्त्याने जाणं टाळणं हे महिनाभर चालू राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि पुढच्या बाळंतपणाच्या वेळी भूलतज्ज्ञाला सातव्याआठव्या महिन्यातच भेटून ठेवा, तेव्हा ५व्या प्रश्नातला कागद सोबत असू द्या.